रेतमात्रेचा कस आणि म्हशीचे गाभण राहणे

म्हैस उलटली की गोठ्यातील पहिला दोष इंजेक्शनला दिला जातो. दुसऱ्यांदा उलटली की रेतन करणाऱ्याला, आणि तिसऱ्यांदा उलटली की म्हशीच्या नशिबाला. त्यानंतर बहुधा ती बाजाराची वाट धरते. चांगल्या दुधाची, तरुण, निरोगी म्हैस केवळ ‘राहत नाही’ म्हणून पडत्या भावाने विकली जाते, आणि तिच्या जागी दुसरी आणण्यासाठी कर्ज काढावे लागते. यातील किती म्हशी खरोखर वांझ असतात, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखाचा हेतू हाच प्रश्न विचारण्याचा आहे. त्यासाठी रेतमात्रेची पारख कशी होते, त्या पारखीवरून काय समजते आणि काय समजत नाही, हे प्रथम पाहणे इष्ट ठरेल.

हातकणंगले तालुक्यातील हुपरी हे गाव चांदीच्या दागिन्यांसाठी सर्वत्र ओळखले जाते. तेथील कारागिराला टंच म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. चांदी उत्तम घेतली तरी पैंजणाच्या कड्या जोडताना डाखात हिणकस धातू अधिक गेला, तर आटणीत सबंध दागिन्याचा टंच उतरतो. रेतनाचेही असेच आहे. रेतमात्रा ही मूळ चांदी होय. परंतु माज ओळखणे, वेळ साधणे, मात्रा वितळविणे, ती योग्य जागी सोडणे आणि जनावराचे पोषण हे सारे तिला जोडणारे डाख आहेत. आटणी होते ती सर्वांची मिळून.

प्रयोगशाळेतील परीक्षा

वीर्यातील शुक्रजंतू प्रथम पाहिले गेले ते १६७७ साली, हॉलंडमधील लेवेनहूक याच्या सूक्ष्मदर्शकाखाली. इटलीतील स्पालांझानी याने १७८० साली कुत्रीवर कृत्रिम रेतनाचा यशस्वी प्रयोग केला. भारतात या कामाचा आरंभ १९३९ साली म्हैसूरच्या राजवाडा दुग्धशाळेत डॉ. संपत कुमारन यांनी केला. १९४२ पासून इज्जतनगरच्या संस्थेत पद्धतशीर प्रयोग सुरू झाले आणि १९४३ साली अलाहाबादच्या कृषिसंस्थेत कृत्रिम रेतनाने म्हशीचे पहिले पारडू जन्मले. त्या काळी ताजे वीर्य पातळ करून बर्फाच्या पेटीतून न्यावे लागे व ते दोन-तीन दिवसांत वापरावे लागे. वीर्य वर्षानुवर्षे गोठवून ठेवता येते हा शोध १९४९ साली इंग्लंडमध्ये पोल्ज, स्मिथ व पार्क्स यांना लागला, आणि तो लागला एका चुकीतून. साखरेच्या द्रावणाची म्हणून जी बाटली त्यांनी वापरली, तीत प्रत्यक्षात ग्लिसरीन होते. कोंबड्याचे शुक्रजंतू त्या बाटलीतील द्रवात गोठूनही जिवंत राहिले. बाटलीवरील चुकीच्या चिठ्ठीने पशुपालनाचे एवढे कल्याण क्वचितच केले असेल. आज गावोगावी फिरणारी नायट्रोजनची टाकी ही त्या घटनेची संतती आहे.

वळू अथवा रेडा वीर्यकेंद्रात येतो तो आधी विलग ठेवून, क्षय, सांसर्गिक गर्भपात (ब्रुसेल्लोसिस) इत्यादी रोगांसाठी तपासून. ही तपासणी वारंवार पुन्हा केली जाते. गावातील मोकळ्या रेड्याबाबत असे काहीच होत नाही. तो एका गोठ्यातील रोग दुसऱ्या गोठ्यात पोचवितो आणि त्याच्या वीर्याचा कस कोणासही ठाऊक नसतो. एवढ्या एका कारणासाठीदेखील कृत्रिम रेतन श्रेयस्कर ठरते.

वीर्य गोळा केल्यावर प्रथम डोळ्यांनी त्याचा रंग व दाटपणा पाहतात. चांगले वीर्य दुधाच्या सायीसारखे दिसते. त्यात रक्ताची लाली, पूची पिवळट झाक किंवा मूत्राचा वास असल्यास ते टाकून देतात. त्यानंतर एक थेंब कोमट काचेवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. दाट व जोमदार वीर्यात शुक्रजंतूंच्या लाटा उसळताना दिसतात. काच कोमट हवी हे महत्त्वाचे आहे, कारण थंड काचेवर चांगले वीर्यही मेल्यासारखे दिसते. मग थेंब पातळ करून एकेका शुक्रजंतूची चाल पाहतात. जे सरळ पुढे जातात तेच मोजावयाचे. जागच्या जागी वळवळणारे किंवा गोल फिरणारे नव्हेत. ताज्या वीर्यात शंभरापैकी किमान ७० शुक्रजंतू पुढे जाणारे असावेत, असा केंद्र शासनाच्या प्रमाणित कार्यपद्धतीचा दंडक आहे.

जिवंत-मृतांची गणना रंगाच्या साहाय्याने होते. मेलेल्या शुक्रजंतूचे आवरण फुटलेले असल्याने रंग आत शिरतो व तो गुलाबी दिसतो. जिवंत शुक्रजंतू रंग आत घेत नाही. त्याच काचेवर डोके वेडेवाकडे, शेपटी तुटकी अथवा गुंडाळलेली, मानेवर थेंब चिकटलेला अशा विकृतीही मोजतात. आणखी एक कसोटी मोठी सुबक आहे. शुक्रजंतू अतिसौम्य द्रावणात ठेवले की ज्याचे आवरण शाबूत असते त्याच्यात पाणी शिरून शेपटी फुगते व आकड्यासारखी वळते. ज्याचे आवरण फुटले आहे त्याची शेपटी सरळच राहते. हालचाल दिसते पण आवरण कमकुवत आहे, असे शुक्रजंतू या कसोटीत उघडे पडतात.

एका वेळच्या वीर्यापासून किती मात्रा होतात याचा हिशेब सोपा आहे. समजा, वळूने ५ मिलिलिटर वीर्य दिले व प्रत्येक मिलिलिटरमध्ये १०० कोटी शुक्रजंतू आहेत. एकूण ५०० कोटी झाले. प्रत्येक मात्रेत २ कोटी घालावयाचे, म्हणजे अडीचशे मात्रा. रेड्याचे वीर्य बहुधा परिमाणाने कमी असते, आणि त्याचे शुक्रजंतू गोठविण्याचा ताण वळूच्या शुक्रजंतूंइतका सोसत नाहीत. म्हणून रेड्याच्या मात्रांची निवड अधिक काटेकोरपणे करावी लागते. अंड्याचा बलक, क्षार, शर्करा व ग्लिसरीन यांच्या मिश्रणात वीर्य पातळ करून, पाव मिलिलिटरच्या नळ्यांत भरून, काही तास ४ ते ५ अंश उष्णतेवर मुरवून मग गोठवितात. नंतर त्याच तुकडीतील नळी वितळवून पुन्हा तपासतात. वितळल्यानंतर शंभरापैकी ५० शुक्रजंतू पुढे जाणारे नसतील तर ती संपूर्ण तुकडी नष्ट करावयाची असते. म्हणजे प्रमाणित केंद्रातून निघालेल्या मात्रेत निघतेवेळी निदान १ कोटी धावते शुक्रजंतू असतात.

कसोटी काय सांगत नाही

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुष्कळांना वाटते की मात्रेत शुक्रजंतू जितके अधिक, तितकी गाभण राहण्याची खात्री अधिक. हे एका मर्यादेपर्यंतच खरे आहे. शुक्रजंतू कमी पडत असतील तर संख्या वाढवून लाभ होतो. पण पुरेशी संख्या गाठल्यावर आणखी घालून काही साधत नाही. शिवाय दोष दोन प्रकारचे असतात. ज्या शुक्रजंतूला पोहता येत नाही तो बीजांडापर्यंत पोचतच नाही. त्याची उणीव इतर भरून काढतात. परंतु जो पोचतो, बीजांडात शिरतो, आणि ज्याच्या आतील आनुवंशिक द्रव्यच सदोष असते, त्याने धरलेला गर्भ काही दिवसांत जिरून जातो. ही हानी संख्या वाढवून भरत नाही, आणि सूक्ष्मदर्शकाखालील साध्या तपासणीत ती दिसतही नाही. त्यामुळे सर्व कसोट्या उतरलेल्या दोन वळूंच्या मात्रांमध्येही प्रत्यक्ष गाभण राहण्याच्या प्रमाणात फरक आढळतो. कसोटी वाईट मात्रा गाळून टाकते. पण चांगल्या मात्रांपैकी कोणती अधिक फळेल हे ती खात्रीने सांगू शकत नाही. ते केवळ नोंदींवरून कळते, आणि नोंदी ठेवणे गावाच्या हाती आहे.

वळूच्या बाबतीत काळाचेही भान हवे. शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे दोन महिने लागतात, आणि वृषणाची उष्णता शरीरापेक्षा काही अंश कमी राहणे त्यासाठी आवश्यक असते. म्हणून चैत्र-वैशाखाच्या उन्हाचा किंवा एखाद्या तापाचा परिणाम त्याच वेळी न दिसता पुढे कित्येक आठवड्यांनी दिसतो. जे गावात नैसर्गिक रेतनासाठी रेडा पाळतात, त्यांनी त्याला सावली व डुंबण्यास पाणी द्यावे ते याच कारणाने.

लिंगनिर्धारित मात्रांविषयी हल्ली पुष्कळ विचारणा होते. शेजारच्या सांगली जिल्ह्यात भिलवडी येथे अशा मात्रा तयार करण्याचे केंद्र आहे. या मात्रांनी शंभरापैकी सुमारे ९० वेळा कालवड अथवा रेडीच जन्मते. मात्र या मात्रेत शुक्रजंतू नेहमीपेक्षा फारच थोडे असतात व निवडीच्या यंत्रातून जाताना त्यांना ताण पडतो; त्यामुळे गाभण राहण्याचे प्रमाण काहीसे कमी मिळते. ती मात्रा सुदृढ कालवडीस किंवा नियमित माजावर येणाऱ्या तरुण जनावरास वापरावी. वारंवार उलटणाऱ्या म्हशीवर ती वापरणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे होय.

हिशेबाची गोष्ट

गाभण राहण्याचे प्रमाण चार गोष्टींच्या गुणाकाराने ठरते: मात्रेचा कस, जनावराचे आरोग्य, माज व वेळ यांची अचूकता, आणि रेतन करणाऱ्याचे कौशल्य. यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो, हे ध्यानात ठेवावे. चारही गोष्टी शंभरात ९० गुणांच्या असल्या तरी गुणाकार सुमारे ६६ येतो. तिन्ही ९० आणि एकच ५० असेल, तर तो सुमारे ३६ वर घसरतो. मग मात्रा कितीही उत्तम असो. आपल्याकडे गोठविलेल्या मात्रेने पहिल्या रेतनात शंभरापैकी पस्तीस-चाळीस जनावरे गाभण राहतात, असा सर्वसाधारण अनुभव आहे. हे प्रमाण पाहिले की ‘इंजेक्शन केले म्हणजे राहिलीच पाहिजे’ ही अपेक्षा किती अवास्तव आहे हे कळून येईल.

याच हिशेबातून दुसरी गोष्ट निघते, आणि ती कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावी. समजा एका तुकडीच्या मात्रा तीन म्हशींना भरल्या व तिन्ही उलटल्या. गावात बोभाटा होतो की मात्राच खराब आल्या. परंतु प्रत्येक वेळी राहण्याची शक्यता ३५ टक्के धरली, तर काहीही दोष नसताना तिन्ही उलटण्याचा प्रसंग शंभरापैकी सुमारे २७ वेळा येणारच. पाचही उलटण्याचा प्रसंग शंभरापैकी ११-१२ वेळा येतो. दहाही उलटल्या तर मात्र ते शंभरात एखाद्या वेळीच केवळ योगायोगाने घडते. तेव्हा चौकशी केलीच पाहिजे. तीन म्हशींवरून मात्रेला दोष देऊ नये, आणि दहा म्हशींनंतर गप्पही बसू नये.

हाच हिशेब एका म्हशीला लावा. तीन लागोपाठच्या माजांवर प्रत्येकी ३५ टक्के शक्यतेने रेतन केले, तर तिसऱ्याअखेर शंभरापैकी सुमारे ७२ म्हशी गाभण असतील. उरलेल्या २८ मध्ये कित्येक पूर्ण निरोगी असतात. त्यांना बाजार दाखविण्याची घाई करणारा शेतकरी स्वतःचेच नुकसान करून घेतो. तथापि प्रत्येक उलटणे फुकटचे नसते. एक माज चुकला की २१ दिवस गेले. तीन चुकले की ६३. भाकड म्हशीला दिवसाला २५ किलो ओली वैरण धरली तरी दीड टनाहून अधिक वैरण दुधाचा एक थेंबही न देता खपते. म्हणूनच मात्रेपलीकडचे डाख पक्के करणे निकडीचे आहे.

माज आणि वेळ

म्हशीचा माज मुका असतो, असे म्हणतात ते बऱ्याच अंशी खरे आहे. ती गाईसारखी दुसऱ्या जनावरावर क्वचितच चढते. वारंवार थोडी थोडी लघवी करणे, अकारण रेकणे, पान्हा चोरणे, वैरणीवरचे लक्ष उडणे, योनीचे ओठ सुजणे ही लक्षणे पहावीत. सोट (बळस) गाईसारखा लोंबत नाही. म्हैस बसलेली असताना तिच्या मागे जमिनीवर तो पडलेला दिसतो. माज बहुधा रात्री किंवा पहाटे प्रकट होतो. सबब धारेच्या वेळी ओझरती नजर टाकणे पुरेसे नाही. पहाटे व रात्री निजण्यापूर्वी, म्हशी बसलेल्या असताना, दिवा घेऊन एकदा गोठ्यात फिरावे. घरातील जी व्यक्ती रोज धार काढते तिलाच हा बदल सर्वांआधी जाणवतो, आणि अनेक घरी ती व्यक्ती स्त्री असते. तेव्हा माजाचे शिक्षण पुरुषांच्या सभेत देऊन काम भागत नाही.

बीजांड माज संपल्यानंतर सुमारे १० ते १४ तासांनी सुटते आणि थोडेच तास सजीव राहते. शुक्रजंतूंना गर्भाशयात गेल्यावर फलनक्षम होण्यास काही तास लागतात, आणि गोठवून वितळलेले शुक्रजंतू ताज्यांपेक्षा लवकर थकतात. यावरून नियम निघाला तो असा: सकाळी माज दिसला तर त्याच सायंकाळी रेतन करावे; सायंकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. माज दिसताच घाईने भरलेली मात्रा बीजांड येण्यापूर्वीच थकते. ‘साहेब आत्ता मोकळे आहेत, आत्ताच उरकून घेऊ’ हा विचार सोयीचा असला तरी म्हशीचे बीजांड कोणाच्या सोयीने सुटत नाही.

टाकीपासून गर्भाशयापर्यंत

नायट्रोजनची उष्णता शून्याखाली १९६ अंश असते. नळी टाकीच्या गळ्याशी फार वर उचलून निवांत शोधत बसले की ती क्षणात तापते, पुन्हा बुडविली की गोठते, आणि या चढउतारात बर्फाचे कण मोठे होऊन शुक्रजंतूंची आवरणे फाडतात. अशी नळी बाहेरून पूर्वीसारखीच दिसते. पाच-सात सेकंदांत नळी सापडली नाही तर कांडे पुन्हा आत बुडवावे व नंतर पहावे. टाकीतील द्रवाची पातळी ठरलेल्या दिवशी मोजून वहीत लिहावी. एकदा टाकी कोरडी पडली, की नंतर कितीही नायट्रोजन भरला तरी आतील मात्रा परत जिवंत होत नाहीत. त्या टाकून देण्यातच प्रामाणिकपणा आहे.

नळी ३७ अंश उष्ण पाण्यात ३० सेकंद धरावी, पुसून कोरडी करावी, कारण पाण्याचा थेंबही शुक्रजंतूंना घातक होतो, आणि विलंब न करता वापरावी. पाण्याची उष्णता बोटाने न ठरविता तापमापक वापरावा. खिशात, काखेत किंवा हातावर चोळून नळी वितळविण्याची सवय अद्याप दिसते, ती सोडावी. मात्रा गर्भाशयमुखाच्या लगेच पलीकडे, सावकाश सोडावी. योनीतच सोडलेली मात्रा बव्हंशी वाया जाते.

उसाच्या पट्ट्यातील एक विशेष कारण

हुपरी, रेंदाळ, यळगूड, पट्टणकोडोली हा सारा उसाचा मुलूख. तोडणीच्या हंगामात जनावरांपुढे उसाचे वाढे मुबलक पडते, आणि कित्येक गोठ्यांत महिनोन्‌महिने दुसरी वैरण नसते. वाढ्यात प्रथिने व स्फुरद कमी असतात. त्यातील ऑक्झलेट शरीरातील चुना बांधून ठेवते. परिणामी जनावर पोटाने भरलेले पण अंगाने उपाशी राहते. माज लांबतो, क्षीण होतो, अथवा गर्भ ठरत नाही. अशा म्हशीला उत्तम रेड्याची मात्रा भरली तरी निष्फळ. वाढे अगदी बंद करावे असे कोणी म्हणणार नाही. ते कुट्टी करून, चुन्याची निवळी शिंपडून द्यावे, सोबत लसूणघास किंवा इतर द्विदल वैरण असावी, आणि रोज सुमारे ५० ग्रॅम क्षारमिश्रण आंबोणातून द्यावे. एकट्या वाढ्यावर ठेवलेल्या म्हशीबाबत मात्रेची तक्रार ऐकून घेण्यापूर्वी गव्हाण पहावी.

पंढरपुरी म्हैस या भागाची स्वतःची. तिची शिंगे तलवारीसारखी लांब, अंगलोट मध्यम, आणि कोरड्या हवेत व साध्या वैरणीवरही वेळेवर विण्याची तिची ख्याती आहे. कोल्हापूर शहरात गिऱ्हाईकासमोर धार काढून दूध देण्याची जी रीत आहे, तीत हिचे स्थान मोठे. केवळ अंगाने मोठी म्हणून मुऱ्हा रेड्याची मात्रा सरसकट भरून हे वाण पातळ करण्यापूर्वी शेतकऱ्याने वैरणीचा व पाण्याचा विचार करावा. मात्रा मागताना जात सांगून मागावी.

नोंद

प्रत्येक नळीवर रेड्याचा क्रमांक, जात, केंद्र व गोठविल्याची तारीख छापलेली असते. रेतनानंतर ही नळी गोठ्याच्या कोपऱ्यात फेकली जाते आणि तिच्याबरोबर सारी माहितीही जाते. शेतकऱ्याने ती मागून घेऊन वहीत चिकटवावी. त्यापुढे जनावराच्या कानातील १२ अंकी बिल्ल्याचा क्रमांक, माज दिसल्याची वेळ, रेतनाची वेळ व सोट स्वच्छ होता की गढूळ, एवढे लिहावे. सोट गढूळ किंवा पूमिश्रित असेल त्या वेळी रेतन न करता आधी गर्भाशयाचा उपचार करून घ्यावा. व्याल्यानंतर १२ तासांत वार पडला नसल्यास तेही टिपून ठेवावे. पुढील उलटण्याचे मूळ अनेकदा तेथेच असते. विण्यानंतर साधारण दोन महिने गर्भाशयाला विसावा द्यावा.

२१ व्या दिवशी माज दिसला नाही म्हणून म्हैस गाभण आहे असे समजू नये. मुका माज याही वेळी फसवितो, आणि गाभण समजून पोसलेली म्हैस पाचव्या-सहाव्या महिन्यात रिकामी निघाल्याची उदाहरणे प्रत्येक गावात सापडतील. रेतनानंतर ६० ते ९० दिवसांच्या आत पशुवैद्यकाकडून गर्भतपासणी करून घ्यावी. नियमित माज येऊनही तीन रेतनांनंतर गर्भ न राहिल्यास चौथी मात्रा भरण्याआधी जनावराची तपासणी करावी व वही पशुवैद्यकापुढे ठेवावी. एकाच गोठ्यातील किंवा एकाच वाडीतील अनेक जनावरे उलटत असतील अथवा गाभडत असतील, तर रक्त तपासून ब्रुसेल्लोसिस नाही ना, हे पहावे. गाभडलेला गर्भ व वार उघड्या हातांनी उचलू नये. हा रोग माणसालाही होतो. ते खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावेत व जागा धुऊन काढावी.